‘आम्हाला सगळी लेकरं सारखीच’

परभणीबद्दल दोन म्हणी फिरतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही परभणीकर स्वतः छाती फुगवून सांगतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही बहुधा बदलीवर आलेल्या एखाद्या वैतागलेल्या साहेबाची असावी. या दुसऱ्या म्हणीच्या चालीवरचं एक वाक्य जिल्ह्यातल्या घराघरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: कुठंच काही जमलं नाही, तर डी.एड. कर. आता त्या पदविकेचं नाव डी.एल.एड. झालं आहे, वाक्य तेच राहिलं.

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या या नाइलाजाचा जगात रीतसर अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन या अभ्यासकांनी २००७ मध्ये एक मोजपट्टी मांडली. माणूस अध्यापनाकडे का वळतो, याची कारणं त्यांनी वेगवेगळी काढली: शिकवण्याची आवड, ‘मला हे जमेल’ हा विश्वास, समाजासाठी काही करण्याची इच्छा, नोकरीची शाश्वती, घरच्यांसाठी मिळणारा वेळ आणि शेवटी ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून’. त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यांमध्ये हे शेवटचं कारण तळाशी राहिलं. आपल्याकडे ते तळाशी राहील असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. सोनपेठ किंवा पालम तालुक्यातल्या एखाद्या मुलीला बारावीनंतर पुढं शिकायला घरून होकार मिळतो तो ‘मास्तरीण होणार’ या एका शब्दावर, हे आपल्याला माहीत आहे. तिच्या दृष्टीनं ती शेवटची नव्हे, मिळालेली पहिलीच वाट असते.

शिवाय नाइलाजानं आलेला माणूस नाइलाजानंच शिकवतो असं कुठं आहे? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले इंजिनिअर व्हायला निघाले होते. ते जमलं नाही, वडिलांनी अध्यापक विद्यालयाचा पर्याय सुचवला. पुढं २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण बोलतो ते त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेल्या क्यूआर कोडबद्दल. पुरस्काराच्या वेळी सांगितली गेलेली दुसरी गोष्ट मात्र मागं पडली: वर्गातल्या मुलांच्या घरची भाषा वेगळी आहे हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकातला मजकूर त्या भाषेत नेला. तंत्रज्ञान त्यानंतर आलं. या लेखाला जे म्हणायचं आहे ते साधारण एवढंच आहे, फक्त ते परभणीच्या जमिनीवर ठेवून पाहायचं आहे.

प्रेरणेचा प्रश्न आधी उरकू. अध्यापक विद्यालयांचं पीक एके काळी राज्यभर आलं, मग २०१० नंतर भरती थंडावली आणि वर्ग ओस पडले. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, राज्यात २०१३ पासून सुरू झाली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, पाठोपाठ भरतीसाठीचं पवित्र पोर्टल आलं. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला मानधन सहा हजार होतं, ते २०२३ मध्ये सोळा हजार झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला, त्यामुळे डी.एल.एड.ला पुन्हा भाव आला. हे सगळं डोक्यावर असलेला विद्यार्थी काय करील? तो अभ्यासिकेत बसून बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवील आणि सराव पाठ सहीपुरता उरकील. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं आहे की माणसाची आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: आपल्या हातात काही निर्णय असणं, काम जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी नातं जुळणं. परीक्षा यातलं काहीच देत नाही. वर्ग देऊ शकतो. म्हणून छात्रसेवाकालाचे, म्हणजे शाळेत जाऊन सराव करण्याचे, आठवडे महत्त्वाचे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार दोन वर्षांत मिळून ते वीस भरतात. शिकवण्याची ओढ लागायची असेल तर ती तिथं लागते, नाहीतर नोकरी लागेपर्यंत लागत नाही.

आणि वर्ग म्हणजे कुठला वर्ग? इथं परभणी जिल्हा नीट बघावा लागतो.

‘आंतरसांस्कृतिक कौशल्य’ हे शब्द ऐकले की आपल्याला विमानतळ आठवतो, परदेशी पाहुणा आठवतो. परभणीत ते कौशल्य एसटीच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर लागतं. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. त्या काळात शिकलेल्या मराठी माणसाला उर्दू लिहिता-वाचता येणं ही नवलाची गोष्ट नव्हती. आज तो दुवा तुटला आहे. उर्दू शाळा एका बाजूला, मराठी शाळा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींकडच्या भावी शिक्षकांची गाठ पडते ती थेट टीईटीच्या परीक्षा केंद्रावर. तीही बाकावर, बोलायला बंदी असताना.

खरं तर या दोन बाजू एकमेकींना वाटतात त्याहून जवळ आहेत. परभणीतल्या मुसलमान घरांत बोलली जाते ती दखनी. तिनं मराठीचा ‘च’ जसाच्या तसा उचलला आहे. ‘आजच आया’ म्हणताना कुणाला आपण मराठी बोलतोय असं वाटत नाही. त्या घरातलं मूल उर्दू शाळेत जातं तेव्हा पुस्तकातली उर्दू त्याला निम्मी परकीच असते. आणि मराठी शाळेतल्या ‘काय करलालाव?’ म्हणणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी तशीच पुण्याहून आलेली वाटते. दोन वर्गांत एकच अडचण बसलेली आहे. दोन्हीकडच्या छात्राध्यापकांना ती एकमेकांशी बोलता आली, तर अर्धं प्रशिक्षण तिथंच होईल.

जिंतूर तालुक्यात गेलात की लमाण तांडे लागतात. गंगाखेड, पालमकडेही आहेत. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. ही राजस्थानी वळणाची भाषा. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या बत्तीस लाखांहून अधिक लोकांनी लमाणी किंवा लंबाडी या नावानं हीच आपली मातृभाषा सांगितली. जनगणनेनं ती हिंदीच्या खात्यात जमा केली. आठव्या अनुसूचीत ती नाही, शाळेचं माध्यम नाही, पाठ्यपुस्तकात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलं आहे आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. ‘शक्य असेल तिथवर’ या शब्दांच्या आड गोरमाटी गेली पंधरा वर्षं उभी आहे.

पहिलीच्या वर्गात अशी मुलं महिनोन् महिने गप्प राहतात. सराव पाठाला आलेला छात्राध्यापक प्रश्न विचारतो, मूल बघत राहतं, निरीक्षणाच्या वहीत नोंद होते: ‘विद्यार्थी अबोल आहे.’ मधल्या सुट्टीत तेच मूल दोस्तांमध्ये तोंडाचा पट्टा सोडून बोलत असतं. त्याला उत्तर येत नव्हतं की प्रश्नच कळला नव्हता, हे तपासायचं कसं, याचा पाठ कुठल्या टाचणात नाही. तांड्यात स्वतःला गोर म्हणतात आणि बाहेरच्याला कोर. म्हणजे गुरुजी वर्गात पाय ठेवतात तेव्हा मुलांनी त्यांना आधीच वेगळं म्हणून ओळखलेलं असतं. वेगळेपण दिसत नाही ते एकट्या गुरुजींना.

कारण गुरुजींचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आम्हाला सगळी लेकरं सारखीच.’ हे वाक्य मनापासूनचं असतं आणि ज्या जिल्ह्यानं जातीचे चटके सोसले आहेत तिथं ते हलक्यानं घेऊ नये. कुणी बाकावर वेगळं बसवत असेल तर त्याच्यापेक्षा हे वाक्य लाख पटीनं बरं. पण अमेरिकी अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये परक्या संस्कृतीकडे पाहण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्यात हे वाक्य तिसऱ्या पायरीवर येतं. पहिली पायरी म्हणजे वेगळेपण आहे हेच न मानणं. दुसरी म्हणजे मानणं, पण आपलं तेच श्रेष्ठ समजणं. तिसरी म्हणजे वेगळेपण वरवरचं आहे, आत सगळे सारखेच, असं म्हणून विषय संपवणं. त्यापुढं स्वीकार, मग त्यानुसार स्वतःचं वागणं बदलणं आणि शेवटी दोन्ही जगांत सहज वावरणं. यातली तिसरी पायरी फसवी. तिथं पोचलेल्याला आपण पोचलो असंच वाटतं. ‘सगळी सारखी’ याचा वर्गातला अर्थ अनेकदा ‘सगळी माझ्यासारखी’ असा होतो.

फेब्रुवारीत परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो आणि सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. अध्यापक विद्यालयात या विषयावर बोलायला सांगितलं की हमखास उरुसाचं उदाहरण येतं. उरूस चांगलाच आहे. पण उरुसात जाऊन जिलेबी खाणं वेगळं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला ‘पाणी दे’ हे तिसऱ्यांदा का सांगावं लागतं याचा शोध घेणं वेगळं.

ऊसतोडीचा विषय तर संस्कृतीच्या व्याख्येत कुणी धरतच नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. लेकरं कधी बरोबर जातात, कधी आजीकडं राहतात, कधी गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवतात. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेनं दाखल करून घ्यायचं. कर्नाटकात गेलेल्या लेकराला मात्र ते कार्ड कानडी शाळेच्या दारात घेऊन उभं राहावं लागतं. पाडव्याच्या सुमाराला मूल परत येतं तेव्हा त्याला ऊस मोजता येतो, मोळी बांधता येते, टायरच्या गाडीत किती माल बसतो याचा अंदाज असतो. वर्गात त्याला विचारलं जातं ते मागं राहिलेल्या घटकाबद्दल. त्याला येणाऱ्या गणिताबद्दल कुणी विचारत नाही. छात्राध्यापकांनी तयार केलेल्या टाचणांत चाळीस मुलांचा वर्ग धरलेला असतो आणि समोर पंचवीस बसलेली असतात. उरलेली पंधरा कुठं गेली हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपलं टाचण का फसलं हेही कळत नाही.

आता मोबाइलकडे येऊ.

ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो, असं ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल सांगतो. फोन वापरता येणाऱ्या या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. आजचे छात्राध्यापक या मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. त्यांना फोन वापरायला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तरी विद्यालयात ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान’ या नावाखाली बऱ्याचदा तेच चालतं: स्लाइड कशी बनवायची, फाइल कशी जोडायची. नोकरी लागल्यावर ‘सरल’ आणि ‘यू-डायस’वर माहिती भरायची, हा त्याचा पुढचा अंक. डेटा भरता येणं ही कारकुनी साक्षरता झाली. तिची गरज आहे, पण ती डिजिटल साक्षरता नव्हे.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर राज्यात डिजिटल शाळांची लाट आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर आणले. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षणाचा मंच आला, पुढं बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ झालं. यातून बरंच चांगलं घडलं. त्याचबरोबर वीजबिल थकलेल्या शाळांत प्रोजेक्टर कपाटातही गेले. तंत्रज्ञान शाळेत पोचलं की शिकणं होतं, हा समज दहा वर्षांत पुरेसा तपासून झाला आहे.

मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढं अमेरिकेत अध्यापन करणारे पुण्य मिश्रा यांनी मॅथ्यू कोलर यांच्यासह २००६ मध्ये एक आराखडा मांडला. शिक्षकाला विषय यायला हवा, शिकवणं यायला हवं, तंत्र यायला हवं. पण तिन्ही सुटं सुटं येऊन भागत नाही, जिथं ती एकमेकांत मिसळतात तिथं शिक्षकाचं खरं ज्ञान असतं. तीन वर्तुळांची ही आकृती आज बी.एड.च्या प्रश्नपत्रिकांत असते. २०१९ मध्ये मिश्रा यांनी तिच्यात सुधारणा केली: बाहेरच्या वर्तुळाला नाव दिलं संदर्भाचं ज्ञान. म्हणजे शाळा कुठली, मुलं कुठली, गाव कसं चालतं. हे बाहेरचं वर्तुळ पाठ करणारे पुष्कळ भेटतील. परभणीत त्या वर्तुळात तांडा येतो, ऊसतोड येते आणि दखनी येते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा स्लाइडऐवजी पहिलं काम आवाज मुद्रित करण्याचं द्यावं. छात्रसेवाकालाच्या पहिल्या आठवड्यात तांड्यावर जावं, घरच्यांची परवानगी घ्यावी, एखाद्या आजीकडून एक गोष्ट गोरमाटीत ऐकावी आणि फोनवर मुद्रित करावी. वर्गातल्याच मोठ्या पोरांच्या मदतीनं ती मराठीत उतरवावी. दोन्ही रूपं पहिलीला ऐकवावीत. याला इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही. पुढं हौस असेल तर मुलांनी चित्रं काढावीत आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’सारख्या खुल्या परवान्याच्या मंचावर ते पुस्तक ठेवावं. यात युनिकोडमध्ये टाइप करणं आलं, परवान्याचा अर्थ आला, मुलांची नावं-फोटो सरसकट टाकू नयेत हे भान आलं. डेसी आणि रायन यांच्या तिन्ही गोष्टीही आल्या. आणि ज्या दिवशी ते ‘अबोल’ मूल गोष्टीतली चूक दाखवायला उठतं, त्या दिवशी शिकवणाऱ्याला आपण इथं का आलो याचं उत्तर कोणत्याही व्याख्यानाशिवाय मिळतं.

दुसरं काम दोन विद्यालयांनी मिळून करायचं. युरोपात २००५ पासून ‘ई-ट्विनिंग’ नावाचा उपक्रम आहे. वेगवेगळ्या देशांतल्या शाळा त्यात ऑनलाइन जोडीनं काम करतात आणि पुढं तो शिक्षक-प्रशिक्षणार्थींसाठीही खुला झाला. डिसले गुरुजींनीही भारत-पाकिस्तानसारख्या तणावाच्या सीमांपलीकडची मुलं ऑनलाइन जोडून दिली होती. परभणीला इतकं लांब जायची गरज नाही. बालभारतीचं गणित मराठीतही आहे, उर्दूतही आहे, आणि दोन्ही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मराठी माध्यमाचा एक आणि उर्दू माध्यमाचा एक, अशी छात्राध्यापकांची जोडी लावावी. अपूर्णांकांचा एकच धडा समोर घ्यावा, आपली मुलं कुठं अडतात ते एकमेकांना सांगावं, मिळून एक कृती तयार करावी आणि आपापल्या वर्गात घेऊन बघावी. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तेव्हा उर्दू वर्गात मराठी कशी शिकवावी हा प्रश्न तर दोघांचाही आहे.

नुसतं भेटवून मात्र काही होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की दोन गटांतला पूर्वग्रह संपर्कानं कमी व्हायचा असेल तर दोघांची पायरी बरोबरीची हवी, काम सामाईक हवं, ते सहकार्यानं व्हायला हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. ऑनलाइन देवाणघेवाणीचा अभ्यास करणाऱ्यांनाही फसलेले संवाद पुष्कळ सापडले आहेत. तिथं ओळख झाली आणि गैरसमज आणखी पक्के झाले. व्हॉट्सॲप गट काढून शुभेच्छांची चित्रं पाठवणं हा उपक्रम नव्हे.

खऱ्या संवादाची गरज किती आहे ते डिसेंबर २०२४ नं दाखवलं. १० तारखेला परभणीत रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, अटकेतल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. अशा दिवसांत शहरभर चित्रफिती फिरतात. काही खऱ्या, काही जुन्या, काही भलत्याच गावच्या. आणि त्यानंतर उघडलेल्या शाळेत वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं एकाच वर्गात बसलेली असतात. तिथं उभ्या असलेल्या विशीतल्या छात्राध्यापकाला सहसा एकच सल्ला मिळतो: विषय काढू नका. मुलांनी तो घरी, गल्लीत, फोनवर आधीच काढलेला असतो. आलेली चित्रफीत कधीची, कुठली, कुणी पाठवली आणि का, हे प्रश्न मुलांना विचारायला शिकवणं ही डिजिटल साक्षरताही आहे आणि आंतरसांस्कृतिक कौशल्यही. संविधानाची उद्देशिका तर बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली आहे. त्या आठवड्यात तिच्यासाठी एक तास काढणं हा त्या पुस्तकातलाच पाठ झाला असता.

हे सगळं छात्राध्यापकाच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात फलकलेखनाला गुण असतात, प्रश्न विचारण्याला असतात, शैक्षणिक साहित्याला असतात. ज्याला गुण असतात तेच विद्यार्थी करतो आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून परभणीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आणि जिल्ह्यातल्या अध्यापक विद्यालयांना, बी.एड. महाविद्यालयांना एक विनंती आहे. येत्या छात्रसेवाकालापासून त्या तक्त्यात एक ओळ वाढवा: पाठ घेणाऱ्याला वर्गातल्या किती मुलांच्या घरची भाषा आणि आईवडिलांचं काम ठाऊक आहे, आणि त्याचा पाठात कुठं उपयोग केला. त्या ओळीला फलकलेखनाइतके गुण द्या. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या विद्यालयांनी वर्षातून निदान एक घटक जोडीनं घ्यावा. यासाठी मंत्रालयातून परिपत्रक येण्याची वाट पाहायची गरज नाही. प्राचार्यांच्या एका बैठकीत हे ठरू शकतं.